गरब्यातला डावा हात

प्रिय शरदकाका,

तुमचा गरब्याचा लाकडी ठसा सापडला. कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. काकूंनी आज सकाळी फोन केला आणि दुपारी नागरवाड्यात तुमच्या घरी जाऊन मी तो स्वतः पाहिला. म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. उशिराबद्दल माफ करा.

गेल्या नवरात्रात आमच्या पुरवणीसाठी तुम्ही याच ठशाचा छाप घेऊन ऑफिसात आला होतात, आठवतं? मैदानभर गरबा आणि पुढच्या सोफ्यावर पाहुणे. कुणी पेंगतंय, कुणी फोनमध्ये. मधोमध एक पत्रकार, गळ्यात पास, गरब्याकडे पाठ, मांडीवर फाफड्यांची डिश. शेजारून कुणाचा तरी हात त्या डिशमध्ये शिरलेला. त्या माणसाचा चेहरा मात्र पत्रकाराच्या आड.

पत्रकार मीच होतो. नाक हुबेहूब!

आणि मी काय म्हणालो? "काका, गरबा उलटा फिरतोय. वाचक हसतील."

"अरे दोढडाह्या, दीडशहाण्या, ठशाचा छाप उलटाच उमटतो! आणि हसावं म्हणूनच तर काढलंय."

"पुढच्या वर्षी बघू," म्हणत मी छाप परत दिला. तुम्ही माझ्या टेबलावरच्या डिशमधला शेवटचा फाफडा उचललात, नेहमीसारखा, आणि गेलात.

गरब्याची दिशा हे कारण नव्हतंच, काका. मला माझी चेष्टा सोसली नाही. गणपतीच्या मिरवणुकीत मिरवणारे, उत्तरायणात पतंगांवरून गच्चीवर भांडणारे, सगळ्यांची तुम्ही केलेली चेष्टा दरवर्षी मजेत छापली होती मी! तेव्हाच कान धरायचा नाही का माझा?

आज ठसा हातात घेतला. लाकडावर गरबा बरोबर फिरतोय. आणि डिशमधला तो हात? छापात उजवा दिसलेला, इथे डावा! डाव्या हाताने माझ्या डिशमधलं उचलणारा एकच माणूस होता.

"काकांनी मला सांगितलं का नाही?" मी काकूंना विचारलं.

"म्हणाले, रुसलाय तो. स्वतःचं नाक बघून झालं की शेजारी बघेल."

वर्ष लागलं हो.

नवरात्र परवा बसतंय. तुमची विद्यार्थिनी मेघा उद्या सकाळी नवा छाप काढून देणार आहे, संध्याकाळी पुरवणी छपाईला जाईल. पहिलं पान मोकळं ठेवलंय. गरबा उलटाच फिरू दे. खाली एवढंच छापीन: नाक माझं, हात शरदकाकांचा.

डिश पुढे धरून बसलेला,
तुमचा नंदू