निळा ठसा

ती. संगप्पाकाका यांस,

आपल्या छापखान्यातल्या बालगीतांच्या पुस्तकासाठी मी प्रत्येक चित्राचे तीन ठसे केले होते: पिवळा, तांबडा, निळा. मला न विचारता तुम्ही निळा वगळलात. म्हणालात, "दुष्काळात रंग कोण बघतंय, पोरी? नव्या जिल्ह्याच्या समारंभात पुस्तक दिसलं की बास."

काल दादाच्या पारूला पहिली प्रत दाखवली. भरलेली नदी तिनं जन्मात पाहिलेली नाही. तिच्यासाठीच मी दुथडी वाहणारी मांजरा काढली होती. तिनं कोऱ्या पात्रावरून बोट फिरवलं.

"आत्या, ही बी आटली?"

हे पत्र मी टाकणार नाही, कारण मला तुमचं उत्तर नकोय. बाकीच्या प्रतींचे छापलेले फर्मे अजून शिवायचे आहेत. उद्या ते निळ्यासाठी पुन्हा यंत्रावर चढतील. समारंभ चुकला तर चुकू द्या.

तुमची पुतणी,
महानंदा