ताप होता की नव्हता

५ नोव्हेंबर, मंगळवार
मालवणच्या डायव्हिंगवाल्यांकडून फॉर्म आला. त्यावर डॉक्टरची सही लागणार. लॅबमधल्या आम्ही चौघी जाणार, २३ तारखेला. रूपालीने डबा खाता खाता सगळीकडे ‘नाही’वर टिक मारली. दमा नाही, कानाचा त्रास नाही, फिट नाही. मला म्हणते, “पेपर सोडवतेयस काय गं?” मला अर्धा तास लागला.

वाडीतल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मीच भरते. रेशन, पेन्शन, जातीचा दाखला. दहावीच्या पुढे गेलेली घरात मी पहिली, म्हणून. मजेसाठी भरलेला हा पहिलाच. डायव्हिंगवाल्यांचा तो पाण्याखालचा व्हिडिओ पाहिल्यापासून दुसरं काही सुचत नाही. पाण्याखाली कोणी हाक मारू शकत नाही.

नववा प्रश्न: कधी झटके, फिट? नाही. टिक.

७ नोव्हें.
ड्युटी संपवून महाडात डॉ.कडे. बीपी, छाती, कान ठीक. पोट तपासताना थांबले. बेंबीच्या वर माझे दोन डाग. लहानपणी चुलीवर पडले, म्हटलं. नेहमीचं.

“चुलीवर पडल्यावर असं मोजून भाजत नाही. हे तापल्या सळईने दिलेले डाग आहेत. झटके यायचे का?”

सही केली नाही. तापात आले असतील तर फारशी हरकत नाही. ताप नसताना आले असतील तर पाण्याखाली पाठवणार नाही, आधी मेंदूचे तज्ज्ञ. “आईला विचारून या.”

पोलादपूरपर्यंत एस.टी.त पोटावर पर्स धरून बसले. इतकी वर्षं चूल. आणि मी ‘नाही’वर टिक केली होती, पेनाने.

८ नोव्हें.
आई भाकरी थापत होती. विचारलं. हात थांबले नाहीत.
“कोन बोलला?”
“डॉक्टर.”
“त्याला काय करायचंय?”

दोन भाकऱ्या झाल्यावर सांगितलं. दीड वर्षाची होते. डोळे फिरवले, दातखीळ बसली. एकदाच. मग म्हणाली, दोनदा. वरंधचा एक म्हातारा डाग द्यायचा, त्याला आणलं. “चूल बोलायचं आमीच ठरवलं. पोरीची जात. उद्या पाव्हणे बघायला आले तर?”

ताप होता का?

माझ्याकडे बघितलं. “काय सांगितलं म्हंजे तुला जायाला मिळंल?”
“आई, तसं नसतं.”
“मग कसं असतं? तुजी जन्मतारीख तरी कुठं खरी हाय? गुरुजींनी एक जून टाकली. तिच्यावरच शिकलीस ना येवढी?”

 

१० नोव्हें., रवि.
विहारातून परस्पर कापड्याला, मावशीकडे. डाग देताना माझे पाय तिने धरले होते. चहा गाळता गाळता सांगितलं, सहज.

ताप? “आंग कढत होतं गो. पन थंडीचे दिवस, तू चुलीपाशी निजलेलीस. ताप म्हनू का शेक म्हनू?” आणि दुसऱ्या वेळी? “तवा मी नव्हते. तुजी आय एकटी होती.”

थर्मामीटर कुणाच्या घरात होता?

म्हणजे फक्त आई.

१२ नोव्हें.
एकच रीडिंग तीनदा घेतलं. लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेलं: जे पाहिलं नाही ते वहीत लिहायचं नाही. रूपाली म्हणते, “दुसरा डॉक्टर बघ. कुर्ता वर करूच नको.” सगळ्या हसल्या. मीही.

पण खाली गेल्यावर आलाच झटका, तर मला नेणाऱ्या माणसाचं काय? त्याला फक्त टिक दिसणार.

आणि आला नाही तर? आयुष्यभर आलाच नाही तर, मी उगाच...

१४ नोव्हें.
सकाळी आई म्हणाली, “मी येते डाक्टरकडं. मी सांगते.” काय सांगणार, विचारणार होते. नाही विचारलं. निळी साडी नेसली, लग्नाला जायची.

एस.टी.त तिने आधी खिडकीची जागा धरली. मग, “त्या खाली काय असतं?”
“मासे.”
“ते हितं बाजारात पन हायेत. आनि?”
“शांत असतं.”
“मग जा की.”

नवव्या प्रश्नावरची टिक खोडून मी शेजारी लिहिलंय: लहानपणी दोनदा. ताप होता का, नक्की माहीत नाही. तिला वाचून दाखवलं.
“कुनाला म्हाईत नाय?”
“मला.”
“मला म्हाईत हाय,” आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. 

दवाखान्यात आमचा नंबर सहावा. पुकारल्यावर माझ्या आधी उठली. फॉर्म माझ्या हातातून घेतला. “तू भायेर थांब.”

बाकावर बसून लिहितेय. दार बंद आहे. आत आईचाच आवाज चाललाय, डॉ. मधे बोलत नाहीत. शब्द कळत नाहीत.