अर्ध्या दिवसाच्या वर्कशॉपची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, व्यवसायाने इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, सकाळी वजनकाट्यांच्या कंपनीत नोकरीला आणि दुपारी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच टेबलावर बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना त्या म्हणाल्या की तुला असा दाखला देणं म्हणजे फूटपट्टीला सरळ असल्याचं सर्टिफिकेट देणं. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. दोन्हींचा उपयोग होत नाही, हे घरात सर्वांना माहीत आहे.

पुढच्या महिन्यात माझं दुसरं बाळंतपण आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात आणि काळजीचं कारण नाही असंही म्हणतात. माझा दोन्हींवर विश्वास आहे. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मागच्या रविवारी जेवताना माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, मला म्हणाले, "तू निश्चिंत राहा. काही बरंवाईट झालंच, तर वर्कशॉप मी बघेन. पूर्ण दिवस चालवू, नीट."

हेतू चांगला होता. भाऊजी वयाने मला वडिलांच्या जागी आहेत आणि त्यांचं फरशांचं दुकान खरोखरच नीट चालतं. पण त्यांच्या मुलीला, माझ्या पुतणीला, बाळंतपणानंतर नोकरीत पूर्ण दिवस जमेना, तेव्हाही "मग घरी बसावं, नीट" असंच त्यांनी सांगितलं होतं. ती सर्किट जोडण्यात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. गेले आठ महिने ती घरी आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये माझ्यासकट सात बायका काम करतात आणि पूर्ण दिवस कोणीच करत नाही. ते नीट झालं की उरणार नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. माझी बचत, विम्याची रक्कम आणि घरातलं माझं सामान माझ्या नवऱ्याला. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि आमच्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे माहीत असलेला एकमेव माणूस आहे. मुलीचा डबा, वेणी आणि शाळेची बस ही खाती पहिल्यापासून त्याच्याकडे आहेत. शेजारीण एकदा कौतुकाने म्हणाली की बायकोला केवढी मदत करता हो. तो म्हणाला, "मदत नाही करत, मुलगी माझीच आहे." मी त्याचे वेगळे आभार मानत नाही. त्याला ते अपमानासारखं वाटेल.

कलम २. कोठीच्या खोलीची किल्ली माझ्या सासूबाईंना परत. यामागची हकीकत लिहिणं भाग आहे, कारण वर्कशॉप तिथेच सुरू झालं.

माझी मुलगी तान्ही असताना एक क्षण गप्प पडून राहत नसे. बापाने तिचं नाव चुळबुळ ठेवलं, ते आजही चालतं. ती काही आठवड्यांची झाल्यावर मी कंपनीत अर्धा दिवस मागून घेतला. तपासणी विभागाचे साहेब म्हणाले, "अर्धा दिवस म्हणजे अर्धं डोकं घरी ठेवून येणार." पुढे दवाखान्यात तिचं वजन सारखं कमी भरू लागलं. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या, पण भांड्यांशी बोलत: कामाची धावपळ केली की दूध पातळ होणारच, पोर सुकणारच. पोर तर माझ्या कडेवर दिवसेंदिवस जड लागत होती. मी इंजिनियर आहे. कडेवरचा अंदाज मी मोजमाप म्हणून धरत नाही. पण दुर्लक्षही करत नाही.

म्हणून एका सकाळी मी तिला कंपनीत नेलं आणि ती झोपल्यावर तपासणी विभागातल्या सर्वांत अचूक काट्यावर ठेवलं. वजन अगदी जितकं असायला हवं तितकं होतं. मग ती जागी झाली आणि आकडा नाचायला लागला. पाय झाडले की वर, टाचेने कडेला रेटा दिला की खाली. त्या दुपारी मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं की आकडा असा नाचतो तेव्हा तुम्ही काय लिहिता. त्या म्हणाल्या, "सगळ्यात कमी दिसतो तो. काळजी घेतलेली बरी, म्हणून." त्यांना तसंच शिकवलं होतं आणि त्यांनी पुढे इतरांना तसंच शिकवलं होतं. म्हणजे शांत मुलांचं वजन बरोबर लागत होतं आणि वळवळणारी मुलं कागदावर हडकुळी होत होती. त्यांच्या आया घरोघरी बोलणी खात होत्या.

आमची कंपनी बाळांचे काटे बनवत होती आणि ते लोखंडी वजनांनी तपासत होती. लोखंड हलत नाही. त्या विभागात आजवर कोणी बाळ घेऊन आलंच नव्हतं.

मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी काट्यावर पाच किलोचं वजन ठेवलं, आकडा दाखवला आणि म्हणाले, "काटा बरोबर आहे. बाळ स्थिर नाही." सगळे हसले. मी म्हणाले की मग अस्थिर बाळासाठी काटा बनवू या. ते म्हणाले, "कंपनीला वेळ नाही. तुमच्याकडे अर्धा दिवस रिकामा आहे ना, बनवा घरी बसून." मी ते लेखी मागितलं. त्यांनी हसत हसत लिहून दिलं आणि खाली सही केली. रचनेचे सर्व हक्क माझ्याकडे राहिले, ते त्या विनोदामुळे.

घरी येऊन मी सासूबाईंना दोन्ही आकडे सांगितले, झोपेतला आणि जागेपणीचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही, ऐकणं माझ्या स्वभावात नाही. तिसऱ्या दिवशी कोठीची खोली रिकामी, झाडलेली आणि किल्ली माझ्या टेबलावर. "वरचं फडताळ माझंच राहील," एवढंच म्हणाल्या. पहिला काटा त्याच फडताळाखाली तयार झाला. तो एका आकड्यावर भरवसा ठेवत नाही. काही क्षणांत शेकडो वेळा वजन घेतो, त्यांचा मेळ घालतो आणि मग एकच आकडा दाखवून तोंड मिटतो.

फडताळ त्यांचंच होतं आणि राहील.

कलम ३. पाच किलोचं लोखंडी वजन साहेबांना. कंपनीने जुनी वजनं मोडीत काढली तेव्हा मी ते मागून घेतलं होतं. गेल्या वर्षी साहेब आमच्या वर्कशॉपच्या जिन्यावर आले, कडेवर नात. नातीचं वजन वाढत नाही, असं कुठल्याशा दवाखान्याने सांगितलं होतं. मी पोरीला काट्यावर ठेवलं. ती हातपाय झाडत होती, वजन उत्तम होतं. नर्सबाई आता वर्कशॉपमध्ये माझ्या जोडीदार आहेत, त्या म्हणाल्या: "बाळ स्थिर नाही, साहेब. पण काटा बरोबर आहे." साहेबांनी आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं की असे काटे आमच्या कंपनीला पुरवाल का. आता कंपनी बाळांचे काटे माझ्याकडून घेते, आणि सकाळी त्याच कंपनीत मी नोकरीला असते. साहेब मला आता दोन आवाजांत हाक मारतात, सकाळी वेगळ्या आणि दुपारी वेगळ्या.

वजन त्यांच्या टेबलावर ठेवावं. ते हलणार नाही.

कलम ४. कोठीत मावेनासं झाल्यावर हलवलेलं वर्कशॉप, म्हणजे सायकलच्या दुकानावरचा हॉल, चार टेबलं, यंत्रं, रचनेचे हक्क आणि 'चुळबुळ काटे' ही पाटी, नर्सबाई आणि माझी मुलगी यांना समान. मुलगी सज्ञान होईपर्यंत कारभार नर्सबाईंचा. त्या माझ्या पहिल्या जोडीदार. सकाळी पहिल्या टेबलावर त्या, दुपारी मी, संध्याकाळी त्या दवाखान्यात.

कलम ५. वरील देणगी एका अटीवर आहे. प्रत्येक टेबल दोघींचं राहील, एक सकाळची, एक दुपारची. मध्ये अर्धा तास दोघी एकाच टेबलावर बसतील आणि आलेली बाई जाणारीचं काम उघडून तपासेल. भाऊजी याला गप्पांचा अर्धा तास म्हणतात. गप्पा होतात, हे खरं आहे. काट्याच्या पॅनची, म्हणजे बाळ ठेवायच्या ताटलीची, कड उंच आहे आणि टाच तिथेच अडकते, हे नर्सबाईंना याच अर्ध्या तासात दिसलं. मी ती कड स्वतः आखली होती आणि मला दिसली नव्हती. आमच्याकडून एकही काटा परत आलेला नाही. सुरुवातीला भाऊजी म्हणाले होते, "अर्ध्या दिवसाची दुकानं मी पुष्कळ पाहिलीत. ती पूर्ण दिवस बंदच असतात." आमचा हॉल सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडा असतो. फक्त त्यात कोणी स्वतःच्या मुलांना दिवसभर अंतरत नाही.

हा अर्धा तास जो बंद करील, त्याचा वर्कशॉपवरचा हक्क त्या दिवसापासून संपेल.

कलम ६. माझी सोल्डरिंग गन, चष्मा आणि स्क्रूड्रायव्हरचा संच चुळबुळीला. वर्कशॉप तिच्यावर लादू नये. तिला नर्तकी व्हायचं असेल तर स्क्रूड्रायव्हर घरी उपयोगी पडतील. मात्र "आईने तुझ्यासाठी काम सोडलं नाही" असं तिच्या कानावर कोणी घातलं, तर तिने त्या माणसाला हॉलमध्ये आणून टेबलांशेजारच्या सगळ्या पाळण्यांमधून एक फेरी मारायला लावावी.

कलम ७. येणाऱ्या बाळाला तपासनीसाची जागा. जिवंत बाळ ठेवून पाहिल्याशिवाय आमचा एकही काटा बाहेर जात नाही. अनुभवाची अट नाही, वळवळ करता यायला हवी. पॅनमध्ये मावेनासं झालं की निवृत्ती. ताई तशीच निवृत्त झाली आहे आणि अजून रागावलेली आहे.

साक्षीदारांविषयी. मृत्युपत्रात ज्याला काहीही मिळत नाही, त्यानेच साक्षीदार व्हावं. सर्वांचा विचार करता भाऊजी पात्र ठरले. डॉक्टरीणबाई दुसऱ्या. दोघांना आज अदलाबदलीच्या वेळी हॉलवर बोलावलं.

कलम ८. हे कलम साक्षीदारांसमोर, सह्यांच्या आधी, वाढवलं आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असं नाही. भाऊजींनी पाचवं कलम दोनदा वाचलं. मग मान वर करून टेबलांकडे पाहिलं. प्रत्येक टेबलावर दोघी वाकलेल्या होत्या, फक्त तिसऱ्यावर सकाळची बाई एकटी कामावर झाकण घालून ठेवत होती, कारण ती दुपार रिकामी आहे. भाऊजींनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

"आमच्या पोरीचं बाळही फार वळवळतं," ते म्हणाले. "ती अर्धी जागा आहे का अजून?"

मी विचारलं, "तिने विचारायला सांगितलंय, की तुम्ही विचारताय?"

"तिने गेल्या महिन्यातच सांगितलं होतं. मी आज विचारतोय."

तिसऱ्या टेबलाची दुपार सोमवारपासून माझ्या पुतणीची. बाळ सोबत आणावं. ही देणगी नसून नोकरी आहे, त्यामुळे साक्षीदाराची पात्रता कायम राहते. हे वाक्य भाऊजींनी मोठ्याने वाचलं आणि त्याच्याच खाली सही केली.

लिहून देणार: (सही) चुळबुळीची आई, इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, सकाळ आणि दुपार

साक्षीदार १: (सही) मोठे दीर, फरशांचे व्यापारी
साक्षीदार २: (सही) डॉक्टरीणबाई

ठिकाण: सायकलच्या दुकानावरचा हॉल, पहिलं टेबल
तारीख: सात, बुधवार, दोन्ही पाळ्या हजर असताना