पहिली सही माझी

२ जुलै, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. लढा सुरू झाला आहे. पुढे कुणी विचारलं की हे सगळं कुणी केलं, तर तारीखवार पुरावा हवा.

घटना अशी. आमच्या सी ब्लॉकच्या मागे नाल्याकाठी मोकळी जागा आहे. तिथे लेचुमी आंटीचा शेवगा, माझ्या बायकोचा, रोकियाचा, गवती चहा आणि मिरच्या, आह सेंगच्या कोंबड्या. काल तिथे पालिकेचा बोर्ड लागला. कचरा जाळायची भट्टी होणार. हरकती महिन्याभरात द्या, सुनावणी २ ऑगस्टला.

कचरा कुणाचा? टेकडीवरच्या बंगल्यांचा. धूर कुणाला? आम्हाला. टेकडीच्या पायथ्याशी भट्टी का नको, हे बोर्डावर लिहिलेलं नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला तो भंगारवाला प्लास्टिक जाळतो, तेवढ्यानेच रोकियाला रोज संध्याकाळी दम्याचा पंप ओढावा लागतो. भट्टी आली तर तिचं काय होईल ते मी इथे लिहिणार नाही.

संकल्प: भट्टी येऊ देणार नाही. दुसरा संकल्प: गोड दुधाचा चहा बंद. लढवय्याला साखर शोभत नाही.

सकाळी १०. चहा घेतला. उद्यापासून.

५ जुलै, बुधवार.

कमिटी स्थापन. अध्यक्ष मी, एकमताने. मीटिंगला मी आणि आह सेंग होतो. त्याचं खाली कॉफीचं दुकान आहे. तो म्हणाला, "अध्यक्ष तू हो नाहीतर तुझी मांजर होऊ दे, माझ्या दुकानातल्या खुर्च्या न्यायच्या नाहीत."

अध्यक्षपदाला मीच का, हे लिहून ठेवतो. एकतीस वर्षं वायरमन. स्वतःचा माइक, स्वतःचा लाउडस्पीकर. शाळा दोन यत्ता, पण वाचायला शिकलो ते नासी लेमाकच्या पुडीवर. भात खाऊन झाला की वर्तमानपत्राचा तो तुकडा पुसायचा आणि वाचायचा, खोबऱ्याच्या दुधाच्या डागासकट. आजही छापील कागद हातात आला तर अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय सोडत नाही. सगळ्या ब्लॉकला माहीत आहे.

रोकिया आणि लेचुमी आंटी शाळेची वही घेऊन दारोदार फिरताहेत. कोण खोकतो, कधीपासून, रात्री झोप लागते का, असलं काहीतरी लिहून घेतात. लिफ्ट बंद, पाच मजले, आणि रोकियाला दर मजल्यावर बसावं लागतं. मी समजावलं की लढे खोकल्यावर जिंकत नाहीत, आवाजावर जिंकतात. ती म्हणाली, "मग तुमच्या आवाजाचंही लिहून घेते. शेजाऱ्यांना किती वर्षांपासून त्रास आहे?"

विनोद म्हणून ठीक.

९ जुलै, रविवार.

जाहीर सभा. गॅलरीतून लाउडस्पीकरवर सकाळी सहापासून पुकारा केला. अंदाज तीनशे माणसांचा. आली सात. त्यातली दोन लाउडस्पीकरची तक्रार घेऊन आली होती, पण आली हे महत्त्वाचं.

बॅनर छान झाला. माझा फोटो जरा मोठा पडला, त्यामुळे 'भट्टी नको'मधलं 'नको' मागच्या बाजूला गेलं.

१२ जुलै, बुधवार.

मोठी बातमी! शत्रू शरण आला.

भट्टी बांधणाऱ्या कंपनीचा माणूस, फैसाल नाव, स्वतः चार मजले चढून माझ्याकडे आला. इस्त्रीचा शर्ट, घाम नाही. वाकून माझा हात कपाळाला लावला. "पाकचिक, तुमचं नाव फार ऐकलंय," म्हणाला. पाकचिक म्हणजे काका. माझ्या मते खरं असावं. त्याला रविवारी इथे गोतोंग-रोयोंग करायचं आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाल्याकाठची साफसफाई. शेवटी बिर्याणी आणि लकी ड्रॉ. खर्च सगळा कंपनीचा, बोलवायचं काम माझं.

मी एका क्षणात डाव ओळखला आणि उलटवला. त्याच्या बिर्याणीवर आपली माणसं जमवायची!

रोकियाला सांगितलं. ती मिरच्यांचे देठ खुडत होती. म्हणाली, "तो काय तुमचा जावई लागतो, बिर्याणी घालायला?"

बायकांना डावपेच कळत नाहीत.

१६ जुलै, रविवार. संध्याकाळ.

ऐतिहासिक दिवस. अख्खा ब्लॉक खाली!

थोडी गडबड झाली. लोकांनी बिर्याणीच्या ओढीने इतक्या लवकर झाडलं की कंपनीचे पाहुणे यायच्या आत सगळं लख्ख. आता पाहुणे फोटोत झाडू मारणार कशावर? आह सेंगच्या अंगणातून वाळल्या पानांची दोन पोती आणून पुन्हा पसरावी लागली. आह सेंग म्हणाला, "पसरताय ती उचलून परत आणून द्या. माझ्या कोंबड्यांची आहेत." पाहुण्यांनी सहा वेळा झाडू मारला आणि हात धुतले.

नंतर टेबलावर यादी. नाव, ओळखपत्राचा नंबर, सही. सही केली की बिर्याणीचा डबा, पाण्याची बाटली आणि लकी ड्रॉचं तिकीट. लोक बुजत होते. मी माइक घेतला: "घाबरताय काय? ही बघा, पहिली सही माझी!" माझ्यामागे रांग लागली. त्रेसष्ट सह्या. नेतृत्व म्हणतात ते हेच.

आणि लकी ड्रॉमध्ये पहिलं बक्षीस कुणाला? भाताचा कुकर, इलेक्ट्रिक, तीन लिटर. मला!

फक्त दोन माणसं आली नाहीत. रोकिया आणि लेचुमी आंटी. वरच्या मजल्यावर खोकले मोजत बसल्या होत्या. समाजात उदासीनता कुठून येते ते घरातच दिसलं.

१८ जुलै, मंगळवार.

रोकिया कुकर उघडत नाही. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा काढू देत नाही. भात जुन्या पातेल्यातच. मी म्हटलं, वस्तूवर कसला राग? ती म्हणाली, "राग नाही. वाट बघतेय." कशाची, ते सांगितलं नाही.

चहा सोडला. दुपारपर्यंत.

२४ जुलै, सोमवार.

लिहायला हात उचलत नाही. पण पुरावा तो पुरावा.

लेचुमी आंटी आपली हरकत द्यायला पालिकेत गेली होती. खिडकीवर फाइल मागितली. हरकतदाराला बघता येते. त्यातल्या एका कागदाची झेरॉक्स घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. बिर्याणीच्या रविवारचीच यादी. वर एक ओळ: 'प्रस्तावित भट्टीस सहमती देणारे रहिवासी'. खाली क्रमांक एक, सिदेक बिन ओस्मान. सही वळणदार.

कारणं:
यादी क्लिपबोर्डला लावलेली होती, क्लिपखाली ती ओळ झाकली असणार.
माझ्या चष्म्यावर बिर्याणीची वाफ आली होती.
टाइप बारीक होता.

लेचुमी आंटी झेरॉक्सकडे बघत म्हणाली, "पाकचिक, टाइप तर बराच मोठा आहे."

२५ जुलै, मंगळवार.

ब्लॉकमध्ये कुणी बोलत नाही. आह सेंग बोलला, पण बोलला नसता तर बरं. "सिदेक, तुला कुकर तरी मिळाला. आम्ही आमचा श्वास पाण्याच्या बाटलीवर विकला."

दुपारी रोकियाशी वाद. वाद म्हणजे मी एकटाच. ती म्हणाली, "सही केली त्यात लाज नाही. सुनावणीत एवढंच सांगा, मी वाचलं नव्हतं." अशक्य! पुडीवर वाचायला शिकलेला माणूस चारचौघांत म्हणेल की मी वाचलं नाही? त्यापेक्षा मी भट्टीत उडी घेईन. (भट्टी येणार नाहीच.)

नवा संकल्प: सुनावणीत भाषण. असं की भिंती हलतील.

३० जुलै, रविवार.

भाषण अकरा पानं. पहिली तीन माझ्या आयुष्यावर, मग वायरिंगवर, मग भट्टीवर. गॅलरीत तालीम करतो. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईने कपडे आत घेतले.

रोकियाच्या वहीत बेचाळीस घरं झाली. काल पाचव्या मजल्यावरून उतरताना तिला पंप दोनदा घ्यावा लागला. मी म्हटलं, राहू दे आता, मी आहे ना. तिने माझ्याकडे बघितलं, आणि वही पिशवीत घातली.

२ ऑगस्ट, बुधवार. घरी आल्यावर.

पालिकेचा हॉल. गार एसी. पुढे अधिकारी, बाजूला फैसाल, आजही घाम नाही. मागे आमचा अख्खा ब्लॉक. कुणी बोलावलं माहीत नाही. बहुधा माझी तालीम ऐकून आले.

माझं नाव पुकारलं. मी उठलो, अकरा पानं हातात. अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "सिदेक बिन ओस्मान. सहमतीच्या यादीत पहिले तुम्हीच ना?"

पहिलं वाक्य माझं पाठ होतं: 'बंधूंनो आणि भगिनींनो, इतिहास साक्षी आहे.' तोंड उघडलं. त्याच वेळी मागून पंपाचा आवाज आला. फुस्स. थांबून पुन्हा, फुस्स. एकतीस वर्षं वायरी ओढल्या, माझ्या कानाला प्रत्येक मशीनचा आवाज ओळखता येतो. हा आमच्या घरातला होता.

मी म्हणालो, "साहेब, मी वाचलं नव्हतं."

एवढंच. अकरा पानं तशीच राहिली.

फैसाल हसून म्हणाला, "पाकचिक तर सगळं वाचतात असं ऐकलं होतं." मी म्हणालो, "वाचतो. त्या दिवशी बिर्याणी वाचत होतो. मला माझी सही परत द्या, नाहीतर मी इथून हलत नाही!" हे भाषणात नव्हतं. आपोआप आलं.

मग रोकिया पुढे आली. खुर्चीखालून खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. कुकर, चिकटपट्टीसकट. "न उघडता परत आणलाय. मोजून घ्या," ती म्हणाली. तिच्यामागे आह सेंगने बाटली ठेवली. टक. "मीपण नाही वाचलं." मग दुसरा, तिसरी. टक, टक, टक. टेबल भरलं तेव्हा खाली जमिनीवर ठेवल्या. लेचुमी आंटीने वही उघडून अधिकाऱ्यांपुढे सरकवली. यादीत सही नसलेली माणसं दोनच होती, म्हणून त्या दोघींची हरकत तेवढी निखळ होती. वाचायला अधिकाऱ्यांना वीस मिनिटं लागली. त्यांनी वाचली.

निकाल: यादी रद्द. वही फाइलमध्ये. नवी सुनावणी ऑक्टोबरात, तोवर जागेला हात लावायचा नाही. पूर्ण विजय नाही. पण फैसालच्या कपाळावर घाम होता. मी पाहिला.

३ ऑगस्ट, गुरुवार.

पेपरात फोटो. रोकिया, लेचुमी आंटी, मध्ये कुकर. डावीकडे एक कोपर दिसतं. माझं आहे. आह सेंगला दाखवलं तर तो म्हणतो खुर्चीचा हात आहे. त्याला डोळ्यांचं दाखवायला हवं.

६ ऑगस्ट, रविवार.

कमिटीची सभा, नाल्याकाठी, शेवग्याखाली. न पुकारता अख्खा ब्लॉक आला. खुर्च्या आह सेंगने स्वतः आणल्या. ऑक्टोबरची तयारी करायची होती. मी शिस्तीने टेबलावर यादी ठेवली आणि माइकवर म्हणालो, "चला, सह्या करा."

कुणी हललं नाही. चौसष्ट माणसं पेनकडे सापाकडे बघावं तशी बघत होती.

रोकिया म्हणाली, "आधी वाचून दाखवा. मोठ्याने."

मला वाचणं भाग पडलं. मथळा मीच रात्री घाईत लिहिला होता: 'अध्यक्ष श्री. सिदेक यांच्या नेतृत्वास बिनशर्त पाठिंबा देणारे रहिवासी'. माइक चालू होता. शेजारच्या ब्लॉकपर्यंत गेलं.

हसणं थांबायला बराच वेळ लागला. आह सेंगच्या कोंबड्या उडाल्या. रोकिया इतकी हसली की मला वाटलं पंप लागेल. नाही लागला. भंगारवाल्याची आज सुट्टी होती.

लेचुमी आंटीने मथळा खोडला आणि वर लिहिलं, 'हजर'. मग पुन्हा वाचायला लावलं. एकच शब्द, तरी दोनदा वाचला. मग सह्या झाल्या. पहिली रोकियाची, दुसरी लेचुमी आंटीची, मग रांग. अध्यक्ष म्हणून कुणीतरी रोकियाचं नाव घेतलं आणि कुणी नाही म्हणालं नाही. माइक उचलून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

माझी सही पासष्टावी. कागदावर जागा उरली नव्हती, म्हणून समासात केली. आडवी, पण वळणदार. सगळं वाचून.