सुनेने घ्यायचं नाही ते नाव

१ मार्च, रविवार
मी? वाचायचं? तेही ईस्टरला, सगळ्यांसमोर उभं राहून! प्रार्थना संपल्यावर सागिनताईंनी परस्पर सांगून टाकलं — "जिपार, या वेळी वचन तू वाचायचंस." त्यांच्या घरच्या सभेत मी दोन वर्षं जातेय, पण बसते दाराजवळ, समोवार म्हणतात त्या चहाच्या बंबापाशी, आणि चहा ओतते. तेवढंच जमतं मला. माहेरी आई म्हणायची, हिला जीभ द्यायची राहूनच गेली. सासरी तर त्याचंच कौतुक — सून असावी तर अशी, आवाज म्हणून नाही!

नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडलं नाही. म्हणजे हो झालं.

४ मार्च
गोठ्यात सराव केला. तीनच ओळी आहेत. देव आपल्या माणसाला सांगतो, भिऊ नकोस, मी तुला नावाने हाक मारली, तू माझा आहेस. तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. पण पहिल्याच ओळीत तो ज्याला हाक मारतो तो इब्राहिमचा नातू — आणि नेमकं तेच माझ्या सासऱ्यांचं नाव! सुनेने सासऱ्यांचं नाव उच्चारायचं नसतं. सोळा वर्षांत मी एकदाही घेतलेलं नाही. इथे लिहायलाही हात धजत नाही. अख्ख्या शास्त्रात ताईंना हेच सापडलं!

८ मार्च, रविवार
महिला दिन. सगळ्या बायकांना एकेक फूल मिळालं, मला वर फजिती.

ताईंनी तालीम घेतली. नावापाशी जीभ अडली, आणि घरात आम्ही बायका सासऱ्यांना जे म्हणतो तेच सवयीने बाहेर पडलं — "हे आमच्या उंच माणसा, भिऊ नकोस!" पोरी हसून हसून लोळल्या. एकजण म्हणाली, "देवाने मोजपट्टी कधी लावली गं?" मी मागच्या अंगणात जाऊन रडले.

ताई मागून आल्या. समजूत वगैरे काढली नाही. म्हणाल्या, "घरात तुला जिपार कोण म्हणतं?"

विचार करायला लागले. सासरे — 'ए सूनबाई'. सासूबाई — 'अगं ए'. हे मॉस्कोहून फोन करतात तेव्हा — 'ऐक ना'. शेजारीपाजारी — लेकीच्या नावाने, 'बेगायची आई'. कोणीच नाही!

"मग जो म्हणतोय त्याचं तरी ऐक," ताई म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत मी त्यांच्यावर चिडलेलीच होते.

१५ मार्च, रविवार
गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. दुखत नव्हतं.

२१ मार्च
नूरुज, नव्या वर्षाचा सण. पीठ मळता मळता सासूबाईंना हळूच विचारलं, "तुम्ही कधी घेतलंत बाबांचं नाव?"

"वेड लागलंय का तुला! पन्नास वर्षांत नाही." मग इकडेतिकडे बघून, "मनात घेते अधूनमधून. शिव्या देताना."

दोघी पोट धरून हसलो. असं याआधी कधी झालं नव्हतं.

२८ मार्च
एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मला वाटायचं, मी अशी घुमी, म्हणून मला कोणी हाक मारत नाही. पण उलटं असेल तर? कोणी हाकच मारली नाही म्हणून घुमी झाले असेन तर? देव काही अट घालत नाही. आधी शहाणी हो, मुलगा होऊ दे, आवाज सुधार, मग बघू — असं म्हणतच नाही. सरळ हाक मारतो! हे आज गोठ्यात मोठ्याने बोलले. गाय रवंथ करत राहिली.

५ एप्रिल, ईस्टर
जाकिप! जाकिप. जाकिप. लिहिलं एकदाचं.

आणि म्हटलंसुद्धा! ताईंनी मला समोवारपासून उठवून मानाच्या जागी उभं केलं. पहिला शब्द कोणालाच ऐकू गेला नसेल. मग नाव आलं, आणि म्हटलं. छत कोसळलं नाही. तिसरी ओळ संपली तरी मी बसले नाही. परत पहिल्यापासून वाचलं, जाकिपच्या जागी जिपार घालून. हे कोणी सांगितलं नव्हतं. माझा आवाज चांगला आहे! जरा जाडा आहे, पण चांगला आहे.

६ एप्रिल
बातमी माझ्याआधी घरी. नाश्त्यालाच सासरे म्हणाले, "सोळा वर्षं या घरचं मीठ खाल्लंस, आणि चारचौघांत माझं नाव? रविवारचं जाणं बंद."

मी चहा ओतत होते. लक्ष उडालं आणि वाटी काठोकाठ भरली! आमच्यात मानाने ओततात ती अर्धी वाटी. भरलेली म्हणजे 'प्या आणि उठा'. सासरे वाटीकडे बघतच राहिले.

"बाबा, ती चूक झाली," मी म्हणाले. "नाव घेतलं ती चूक नाही. देवाने ज्या मायेने घेतलंय तसंच घेतलं. आणि रविवारी मी जाणार आहे."

हे मी बोलले. मी!

९ एप्रिल
सासऱ्यांचा अबोला. ह्यांचा फोन — "ऐक ना, मिटवून टाक, माफी माग." मी म्हटलं, माझं नाव जिपार आहे. मग म्हणाले, "माहितेय मला." बास, एवढंच.

दुपारी सासूबाई लोकर विंचरायला जवळ येऊन बसल्या. "नाव घेतलंस तेव्हा जिभेला काय झालं?"

"काही नाही. हलकं वाटलं."

त्यांनी लोकरीतला एक गुंता सोडवला. मग, "तुझा देव म्हाताऱ्यांनाही हाक मारतो का गं? माझं नाव सुयुन. इथे कोणाला ठाऊक असेल-नसेल."

मलाच ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं! लाज वाटली मला.

१२ एप्रिल, रविवार
निघाले तर सासरे फाटक अडवून उभे. माझी मान खाली जाणार तेवढ्यात मागून सासूबाई. डोक्याला नवा पांढरा रुमाल.

"जाकिप, बाजूला हो. आम्हा दोघींना उशीर होतोय."