डब्यावरचं कार्ड

आई,

डब्यावर माझं कंपनीचं कार्ड दिसलं तर तिथंच राहू दे. काल तू ते खुंटीला लावलंस. मी तिथून घेतलं, सेकंड शिफ्टची बस पकडली आणि डबा परत घरीच राहिला. कार्डाशिवाय गेटवर आत सोडत नाहीत, म्हणून ते डब्यावर ठेवते, म्हणजे कार्ड घेताना डबाही हातात येतो. डॉक्टरांनीच सुचवलंय. त्यांनी सांगितलेलं एडीएचडी, हे लक्ष न टिकण्याचं दुखणं, तुला थोतांड वाटतं, वाटू दे. पण मी घेते त्या वेडाच्या गोळ्या आहेत असं मावशीला सांगू नकोस.

चहा उतू गेलाय, ओटा पुसायचा राहिला. चाकणची बस चौकात आली असेल.

माझ्या राहिलेल्या डब्यातली शिळी भाकरी सकाळी तू मुकाट्यानं खातेस. बाकी सगळं विसरते मी, तेवढं विसरत नाही.

श्रद्धा