वाघाच्या पडद्यावरील दोन माणसे

दि. ६ नोव्हेंबर २०२४

मी, मुखरू लटारू दोनाडकर, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा नाटकाचे पडदे रंगविणे, राहणार आरमोरी, पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो की, आज माझ्या पोटच्या मुलाने माझा अपमान केला आहे.

प्रफुलची स्वतःची नाटक मंडळी आहे. यंदाच्या नाटकात शिकारी साहेब तोच होतो. आज त्याने एक चित्र छापून आणले. "अमेरिकेतलं आहे, बाबा! शंभर वर्षांआधी मासिकातल्या शिकारीच्या गोष्टीसाठी तैलरंगात काढलं होतं. जसंच्या तसं पडद्यावर पाह्यजे!"

चित्रात आपल्यासारखे जंगल. वाघ झेपावलेला. गोरा साहेब बंदूक रोखून ताठ उभा. आणि त्याच्या बुटापाशी आपला माणूस — उघडा, डोके हातांनी झाकून पडलेला!

मी म्हटले, पडद्यावर माणूस काढीत नाहीत. आमच्या धंद्याचा हा नियम आहे. पडद्यावर झाड असावे, नदी असावी, महाल असावा. माणूस पडद्यापुढे उभा राहतो. मागे कायमचा माणूस काढून ठेवला तर पुढच्या जिवंत नटाने करावे काय?

"नाई त मंग नागपूरवरून फ्लेक्स छापून आणतो," असे तो म्हणाला. बापाला!

दि. ७ नोव्हेंबर

जेवलो नाही. पत्नी गुणाबाई म्हणाली, "साहेबाचा राग माया भातावर काऊन काढता?"

दि. ९ नोव्हेंबर

चित्र पुन्हा पाहिले. रागाने पाहिले, तरी पाहिले. त्या अमेरिकन चित्रकाराचा हात खरा आहे, हे मान्य करणे भाग आहे. वाघाच्या खांद्यावर उन्हाचा एकच पिवळा फटकारा — आणि खांदा हलतो! मासिकाचे एक पान भरण्यासाठी एवढे कष्ट. साहेबाच्या बुटाची नाडीसुद्धा काढायची सोडलेली नाही. पडलेल्या माणसाला मात्र तोंड दिलेले नाही. काढता येत होते त्याला. द्यावयाचे नव्हते!

दि. १० नोव्हेंबर

सुकलू नरोटे आला. धानोऱ्याकडील आहे. प्रफुलच्या नाटकात त्या पडणाऱ्या माणसाचे काम त्याचे. चित्र पाहून हसत सुटला.

"वाघ त साहेबाले पाहून राह्यला, मुखरूभाऊ! मायाकडे त्याचं ध्यानच नाई. मंग मी काऊन पडलो?"

मी म्हटले, ते प्रफुलला विचार.

"इचारलं ना! म्हणे, तू नाई पडला त मी उभा कसा दिसन?"

तो हसत होता. मला हसू आले नाही.

दि. १२ नोव्हेंबर

प्रफुलला स्पष्ट सांगितले — जंगल देतो, वाघ देतो, माणसे देणार नाही. "बरं," म्हणाला. फार लवकर म्हणाला. अंगणात कापड अंथरून कामास लागलो.

दि. १८ नोव्हेंबर

पडदा पूर्ण. सरसाच्या चिकट पाण्यात कालवलेला रंग तैलरंगासारखा चमकत नाही. तरी खांदा हलला! वाघासमोरची जागा मोकळी ठेवली आहे. कोपऱ्यात नाव घातले — पेंटर मुखरू, आरमोरी.

दि. २३ नोव्हेंबर

विश्वासघात!

प्रयोगासाठी ब्रह्मपुरीजवळच्या गावी आलो. दुपारी मंडपात पडदा सोडला. माझ्या मोकळ्या जागेत साहेब उभा आणि त्याच्या पायाशी आपला माणूस पडलेला! प्रफुलने माझ्या माघारी आमच्याच आरमोरीच्या इसरू पेंटरकडून काढून घेतले. वाघाच्या पंजावर साहेबाची टोपी आली, तेवढेही त्या गाढवाला दिसले नाही. आणि खाली नाव माझे!

"लोकाईले चित्र पाह्यजे, बाबा. तुमचा नियम जुना झाला."

मी हिरव्या रंगाचा डबा मागितला. मंडळीतील एकही जण जागचा हलेना. सगळे मालकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. शेवटी सुकलू उठला आणि डबा माझ्यापुढे आणून ठेवला. सर्व नटांसमक्ष मी दोन्ही माणसे झाकली. साहेब आधी. प्रफुल ओरडला, "तुमच्यानं माया खेळ बुडन!" बुडो! रंग धोतरावर सांडला. सांडो!

दि. २४ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. डरकाळी झाली, प्रफुल बंदूक घेऊन आत आला, आणि सुकलू पडला नाही. वाघाकडे तोंड करून उभाच राहिला. प्रफुल आपले वाक्य विसरला. मग माझ्या मुलाने बंदूक खाली घेतली आणि जाऊन सुकलूच्या मागे उभा राहिला.

हे घडताना समक्ष हजर: माझी पत्नी गुणाबाई, मान खाली घातलेला इसरू पेंटर आणि संपूर्ण गाव.